उड्डाण प्रशिक्षणातील अध्ययनाच्या पातळ्या

उड्डाण प्रशिक्षणातील अध्ययनाच्या पातळ्या म्हणजे विमान चालविण्यास शिकणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान कोणत्या खोलीपर्यंत पोहोचले आहे, हे ठरविण्यासाठी वापरले जाणारे चार टप्पे होत. पाठांतर, आकलन, उपयोजन आणि सहसंबंध असा त्यांचा चढता क्रम आहे. अमेरिकेतील नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, अर्थात एफएए, या संस्थेच्या उड्डाण-प्रशिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिकेत ही विभागणी दिलेली आहे. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक वैमानिकास तिचा अभ्यास करावा लागतो.

उत्तर बरोबर येणे आणि विषय समजलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या विभागणीचे मूळ सूत्र होय. शाळेतील परीक्षेत हा फरक झाकला गेला तरी सहसा गुणांपुरतेच नुकसान होते. विमानात मात्र तोच फरक जीवितहानीस कारणीभूत ठरू शकतो. त्यामुळे वैमानिकाची परीक्षा घेताना केवळ काय येते एवढेच न पाहता ते कोणत्या पातळीवर येते, हे तपासण्यावर भर दिला जातो.

पार्श्वभूमी

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात शिक्षणाची निश्चित पद्धत नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे शिक्षणाची नवी पद्धत सुरू केली. तोवर विद्यार्थ्यास धोक्याच्या स्थितींपासून दूर ठेवण्याकडे प्रशिक्षकांचा कल असे. स्मिथ-बॅरी यांनी याच्या उलट मार्ग धरला. प्रशिक्षक सोबत असताना विमान हेतुपुरस्सर गिरकीत किंवा अन्य बिकट स्थितीत न्यायचे, ती स्थिती का उद्भवली हे समजावून सांगायचे आणि विद्यार्थ्याकडूनच विमान सावरून घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता. दुहेरी नियंत्रणे असलेले अॅव्हरो ५०४ हे विमान त्यासाठी वापरले जाई. उड्डाणाच्या गोंगाटात विद्यार्थ्याशी बोलता यावे म्हणून रबरी नळीची योजना करण्यात आली. 'गॉस्पोर्ट पद्धत' या नावाने ओळखली जाणारी ही रीत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. विमान काय करते यासोबत ते तसे का करते, हे शिकविण्याचा आग्रह हे तिचे वैशिष्ट्य होते.

याच सुमारास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी अध्ययनाचे नियम मांडले होते. सिद्धता, सराव व परिणाम हे त्यांचे तीन मूळ नियम होत. एफएएच्या हस्तपुस्तिकेत त्यांच्या जोडीला प्रथमतः शिकलेल्या गोष्टीचे प्राबल्य, अनुभवाची तीव्रता व अलीकडे शिकलेल्याचे स्मरण हे आणखी तीन नियमही दिलेले आहेत. यांपैकी प्रथम शिकलेल्या गोष्टीच्या प्राबल्याचा नियम उड्डाण प्रशिक्षणात विशेष महत्त्वाचा मानला जातो. कारण आरंभी चुकीची लागलेली सवय पुढे मोडणे कठीण जाते व आणीबाणीच्या क्षणी तीच सवय वर येते.

चार पातळ्या

या पातळ्यांचे स्वरूप एकाच उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येते. विमानशास्त्रात 'स्टॉल' या नावाने ओळखली जाणारी घटना त्यासाठी सोयीची आहे. पंख आणि समोरून येणारा हवेचा प्रवाह यांमधील कोनास 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. हा कोन वाढत जातो तसे पंखास मिळणारे उचलीचे बल वाढते. परंतु एका मर्यादेनंतर पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा पंखास धरून राहत नाही, ती विलग होते आणि उचल एकाएकी घटते. हाच स्टॉल होय. येथे इंजिन बंद पडलेले नसते. मोटारगाडीच्या संदर्भात हा शब्द इंजिन बंद पडण्यासाठी वापरला जात असल्याने नवशिक्यांचा अनेकदा गैरसमज होतो.

पाठांतर: ऐकलेली किंवा वाचलेली गोष्ट अर्थ न उमगताही पुन्हा म्हणून दाखविता येणे, ही सर्वांत खालची पातळी होय. “पंखाने कोनाची निर्णायक मर्यादा ओलांडली की स्टॉल होतो,” हे वाक्य विद्यार्थी अचूक म्हणून दाखवितो. आपल्या विमानाचा स्टॉलचा वेगही त्यास तोंडपाठ असतो. मात्र वेग पुरेसा असतानाही स्टॉल होऊ शकेल काय, असे विचारल्यास तो अडखळतो.

आकलन: गोष्टीमागील कारण ध्यानात येणे व ते स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, ही दुसरी पातळी होय. या पातळीवरील विद्यार्थ्यास स्टॉल हा मुळात वेगावर नसून कोनावर अवलंबून असतो, हे कळलेले असते. विमान वळताना पंखांना वजनाखेरीज वळणाचाही भार पेलावा लागतो. तो भार पेलण्यासाठी कोन वाढवावा लागतो आणि म्हणून वळणात स्टॉल अधिक वेगालाच गाठतो, हे तो समजावून सांगू शकतो. उंची कायम राखून ६० अंश कललेल्या वळणात पंखांवरील भार दुप्पट होतो व स्टॉलचा वेग सुमारे १.४१ पट होतो. सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होणारे विमान अशा वळणात सुमारे ७१ नॉट वेगालाच स्टॉल होते. हा हिशेब त्यास स्वतः मांडता येतो.

उपयोजन: समजलेली गोष्ट प्रत्यक्ष कृतीत उतरविता येणे, ही तिसरी पातळी होय. नियंत्रणे सैल पडू लागली, विमान थरथरू लागले, इशाऱ्याचा भोंगा वाजला, की विद्यार्थी प्रथम विमानाचे नाक खाली घेऊन कोन कमी करतो, पंख समतल करतो, इंजिनाची शक्ती वाढवितो आणि मग अलगद पुन्हा उंची घेतो. ही पातळी स्पष्टीकरणाने प्राप्त होत नाही, ती सरावानेच साधते. अनेक विद्यार्थी व काही प्रशिक्षकही येथेच थांबतात, कारण ठरलेली कृती ठरलेल्या क्रमाने करून दाखविता आली की शिक्षण पूर्ण झाल्यासारखे वाटते.

सहसंबंध: एका ठिकाणी शिकलेली गोष्ट अन्य ठिकाणी शिकलेल्या गोष्टींशी जोडून, पूर्वी न भेटलेल्या परिस्थितीत वापरता येणे, ही सर्वोच्च पातळी होय. विमान उतरविण्यापूर्वी धावपट्टीला आडव्या दिशेने उडत असताना पाठीमागून वारा असेल, तर विमान अपेक्षेपेक्षा वेगाने पुढे सरकते आणि धावपट्टीच्या मध्यरेषेपलीकडे जाऊ लागते. अशा वेळी वैमानिकास वळण घट्ट करण्याचा मोह होतो. अधिक कललो तर धोका, असे शिकविलेले असल्याने तो कल न वाढविता रडरच्या पायपट्टीने नाक आतल्या बाजूस ढकलतो. त्यामुळे नाक खाली झुकते, ते उचलण्यासाठी तो नियंत्रणदांडा मागे ओढतो, आतल्या बाजूचा पंख प्रथम स्टॉल होतो आणि विमान गिरकीत जाते. जमीन इतकी जवळ असते की सावरण्यास वाव उरत नाही. या साखळीत वारा, वळणाचा भार, रडरचा वापर आणि स्टॉल हे चार वेगवेगळ्या धड्यांत शिकविलेले विषय एकत्र येतात. सहसंबंधाच्या पातळीवर पोहोचलेला वैमानिक ही साखळी पहिल्या दुव्यापाशीच ओळखतो आणि वळण घट्ट न करता विमान पुन्हा वर घेऊन नव्याने उतरण्याचा निर्णय घेतो. म्हणजेच त्याच्या ज्ञानाचा खरा उपयोग स्टॉलमधून सावरण्यात नसून स्टॉलपर्यंत न जाण्यात असतो.

शिक्षणशास्त्रातील अन्य वर्गीकरणांशी नाते

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात बोधात्मक क्षेत्रातील ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पातळ्या आहेत. एफएएच्या चार पातळ्यांतील पहिल्या तीन या ब्लूम यांच्या पहिल्या तिन्हींशी जवळपास जुळतात, तर विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन यांचा आशय स्थूलमानाने सहसंबंधात सामावतो. महाराष्ट्रातील शिक्षकांना ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य ही प्रश्नपत्रिका आराखड्यातील उद्दिष्टे परिचित आहेत. त्यांचे मूळही याच विचारपरंपरेत आहे.

ब्लूम परंपरेत बोधात्मक क्षेत्राखेरीज भावात्मक व क्रियात्मक अशी आणखी दोन क्षेत्रे मानली जातात. वैमानिकाच्या शिक्षणात तिन्ही क्षेत्रांचा संबंध येतो. हवामान खराब असताना न निघण्याचा निर्णय घेण्यासाठी हवामानशास्त्र माहीत असणे पुरेसे नसते. प्रवाशांचा आग्रह, वेळेची निकड व स्वतःचा अहंभाव बाजूस सारण्याची वृत्तीही अंगी बाणलेली असावी लागते. ही बाब भावात्मक क्षेत्रात मोडते.

कौशल्याच्या अध्ययनासाठी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स व मायकेल पॉस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलेले तीन टप्पेही प्रशिक्षणात वापरले जातात. पहिल्या टप्प्यात विद्यार्थी प्रत्येक हालचाल आठवून करतो. दुसऱ्यात हालचाली एकमेकींशी जुळू लागतात व चूक स्वतःच्याच ध्यानात येते. तिसऱ्यात कृती सहज घडते आणि लक्ष अन्यत्र देण्यास मोकळे राहते. उंची व वेग राखण्यातच सर्व लक्ष गुंतलेल्या विद्यार्थ्याकडून सहसंबंधाची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे हाताचे कौशल्य व बुद्धीची पातळी ही दोन्ही सोबतच वाढवावी लागतात.

परीक्षेचे स्वरूप

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी सर्वसाधारण नियमांनुसार किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी किमान २० तास प्रशिक्षकासोबत व १० तास एकट्याने उड्डाण करावे लागते. परीक्षेचे तीन भाग असतात.

पहिला भाग ज्ञानपरीक्षेचा असतो. तीत ६० बहुपर्यायी प्रश्न असून उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. प्रत्येक प्रश्नास तीन पर्याय असतात. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर २४ महिन्यांच्या आत प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. बहुपर्यायी प्रश्न तपासण्यास सोपे व निःपक्षपाती असतात, मात्र त्यांची उत्तरे घोकून देता येतात. प्रश्न जसेच्या तसे उपलब्ध होत त्या काळात संपूर्ण प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण होणे शक्य असे. त्यामुळे या भागातील गुण पाठांतराच्या पातळीहून अधिक कशाची खात्री देत नाहीत, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला.

ही उणीव भरून काढण्यासाठी नियमांत एक दुवा ठेवलेला आहे. ज्ञानपरीक्षेच्या निकालपत्रावर उमेदवाराचे कोणत्या विषयांतील प्रश्न चुकले याच्या सांकेतिक नोंदी असतात. ते विषय प्रशिक्षकाने पुन्हा शिकवून तशी स्वाक्षरी केल्याशिवाय उमेदवारास पुढील परीक्षेस बसता येत नाही. त्यानंतर परीक्षकही त्या विषयांवर प्रश्न विचारतो.

दुसरा भाग तोंडी परीक्षेचा व तिसरा प्रत्यक्ष उड्डाणाचा असतो. हे दोन्ही भाग एकाच परीक्षकाकडून, सहसा एकाच दिवशी घेतले जातात व मिळून 'चेकराइड' या नावाने ओळखले जातात. उड्डाणात अचूकतेच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. उदाहरणार्थ, ४५ अंश कललेले पूर्ण वळण घेताना खासगी परवान्याच्या उमेदवाराने उंची १०० फुटांच्या, वेग १० नॉटच्या व वळणाअंती दिशा १० अंशांच्या मर्यादेत राखावी, अशी अपेक्षा असते.

प्रश्नांची पातळी

तोंडी परीक्षेत परीक्षकाचे कौशल्य प्रश्नांच्या रचनेत दिसून येते. विषय एकच असला तरी प्रश्नाची पातळी बदलता येते. वादळी हवेत विमानाच्या सांगाड्याची हानी होऊ नये म्हणून ज्या वेगाहून अधिक वेग टाळला जातो, त्या 'मॅन्युव्हरिंग स्पीड'चे उदाहरण यासाठी घेता येईल. सेसना १७२ एस या प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या विमानासाठी हा वेग २५५० पाउंड या कमाल वजनास १०५ नॉट, तर १९०० पाउंड वजनास ९० नॉट आहे.

- पाठांतराचा प्रश्न: कमाल वजनास हा वेग किती असतो? उत्तर एका आकड्यात देता येते.
- आकलनाचा प्रश्न: वजन कमी झाल्यावर हा वेगही कमी का होतो? हलके विमान सुरक्षित वाटते, त्यामुळे येथे अंदाजाने दिलेले उत्तर बहुधा चुकते. हलक्या विमानास त्याच वेगात कमी कोन पुरतो. त्यामुळे वाऱ्याचा जोरदार झोत आल्यास स्टॉल होण्याआधी पंखांवरील भार वजनाच्या तुलनेत बराच अधिक वाढू शकतो. स्टॉल येथे एक प्रकारे संरक्षकाचे काम करतो आणि हलक्या विमानात हे संरक्षण उशिरा मिळते.
- उपयोजनाचा प्रश्न: आज विमानात दोनच व्यक्ती असून टाक्या अर्ध्या भरलेल्या आहेत, तर हवा खवळल्यास कोणता वेग राखावा? उमेदवारास वजनाचा हिशेब करून तक्त्यातून वेग काढावा लागतो.
- सहसंबंधाचा प्रश्न: नियोजित मार्गावरील डोंगररांगेवर जोरदार वाऱ्याचा अंदाज आहे, सोबतचा प्रवासी प्रथमच विमानात बसत आहे आणि त्यास सायंकाळपूर्वी पोहोचायचे आहे, अशा वेळी निघण्याची वेळ, मार्ग, उंची व वेग कसे ठरवावेत? याचे एकच एक उत्तर नसते. परीक्षक निर्णयाइतकेच त्यामागील विचाराकडे लक्ष देतो.

चौथ्या प्रकारच्या प्रश्नांना 'प्रसंगाधारित' प्रश्न म्हणतात. परीक्षकाने परीक्षेपूर्वी अशा प्रसंगाची योजना लेखी स्वरूपात तयार ठेवणे अपेक्षित असते. तुटक प्रश्नांच्या यादीपेक्षा एकाच प्रवासाच्या कल्पनेभोवती प्रश्न गुंफल्यास पाठांतराचा आधार गळून पडतो, अशी यामागील भूमिका आहे. “समजले का?” या प्रश्नाचा पातळी तपासण्यासाठी उपयोग होत नाही. त्यास बहुधा होकारच मिळतो.

मानकांतील बदल

अमेरिकेत दीर्घकाळ 'प्रॅक्टिकल टेस्ट स्टँडर्ड्स' या नावाची परीक्षा-मानके वापरात होती. त्यांत प्रत्यक्ष कृतीच्या अचूकतेवर प्रामुख्याने भर होता. जून २०१६ पासून खासगी वैमानिक व उपकरणाधारित उड्डाण यांच्या परीक्षांसाठी त्यांची जागा 'एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स' या नव्या मानकांनी घेतली. त्यानंतर अन्य परवान्यांसाठीही ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, तर विमान-प्रशिक्षकांच्या परीक्षेसाठी ती २०२४ मध्ये लागू झाली. नव्या मानकांत प्रत्येक कृतीखाली ज्ञान, जोखीम-व्यवस्थापन व कौशल्य असे तीन भाग दिलेले असतात. ज्ञानपरीक्षेतील प्रश्नही याच मानकांच्या सांकेतिक क्रमांकांना जोडलेले आहेत. त्यामुळे लेखी, तोंडी व प्रत्यक्ष परीक्षा परस्परांपासून तुटक न राहता एकाच आराखड्यात आल्या.

आंतरराष्ट्रीय पातळीवर परवान्यांची मूलभूत मानके १९४४ च्या शिकागो करारास जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात दिलेली आहेत. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने बहुसदस्यीय वैमानिक परवाना मान्य केला. त्यात उड्डाणाच्या तासांपेक्षा सिद्ध झालेल्या क्षमतांना प्राधान्य आहे.

दुर्घटनांच्या चौकशीतून पुढे आलेले मुद्दे

अध्ययनाच्या पातळ्यांचा विचार केवळ शिक्षणशास्त्रीय नाही, हे काही दुर्घटनांच्या अहवालांवरून दिसून येते. कोणत्याही विमान दुर्घटनेस अनेक कारणे असतात. पुढील उदाहरणांत त्यांपैकी प्रशिक्षणाशी निगडित बाजूच विचारात घेतली आहे.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलो शहराजवळ कोलगन एअर ३४०७ हे विमान उतरण्याच्या तयारीत असताना कोसळले. विमानातील ४९ व जमिनीवरील १ अशा ५० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. वेग घटल्यामुळे स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारी, नियंत्रणदांडा थरथरविणारी यंत्रणा कार्यान्वित झाली तेव्हा कॅप्टनने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. या अयोग्य प्रतिसादामुळे विमान स्टॉल झाले व सावरले नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये नोंदविला. त्या काळच्या प्रशिक्षणात व परीक्षेत स्टॉलच्या आरंभी उंची कमीत कमी गमावून सावरणे यास मोठे महत्त्व होते. स्टॉल केव्हा येणार हे वैमानिकास आधी ठाऊक असे व शक्ती वाढवून उंची राखली की परीक्षेत यश मिळे. परंतु स्टॉलमधून बाहेर पडण्यासाठी कोन कमी करणे अपरिहार्य असते, त्याची किंमत उंचीत मोजावी लागली तरीही. दुर्घटनेनंतर २०१२ मध्ये एफएएने नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि उंची राखण्याऐवजी कोन त्वरित कमी करण्यास प्रथम स्थान दिले. परीक्षेचा निकष चुकीच्या गोष्टीस बक्षीस देत असेल, तर उत्तीर्ण होणारा विद्यार्थीही चुकीचीच गोष्ट शिकतो, हे येथे स्पष्ट झाले.

१ जून २००९ रोजी रिओ दी जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्स ४४७ हे विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ व्यक्तींचा मृत्यू झाला. वेगमापक नळ्यांत बर्फ साचल्याने वेगाची नोंद अविश्वसनीय झाली व स्वयंचलित नियंत्रण सुटले. त्यानंतर वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलले. विमान स्टॉल झाले व साडेचार मिनिटांच्या आत समुद्रावर आदळले. या काळात स्टॉलचा इशारा बराच वेळ वाजत होता. तरीही आपण स्टॉलमध्ये आहोत, हे वैमानिकांनी ओळखल्याचे दिसून आले नाही. कमी उंचीवर, पूर्वसूचनेसह स्टॉलचा सराव झालेला असणे आणि रात्री, अतिउंचीवर, परस्परविरोधी संकेतांच्या गर्दीत तोच स्टॉल ओळखणे, यांतील अंतर म्हणजेच उपयोजन व सहसंबंध यांतील अंतर होय.

याउलट उदाहरण त्याच वर्षी १५ जानेवारी रोजी न्यूयॉर्क येथे घडले. यूएस एअरवेज १५४९ या विमानाच्या दोन्ही इंजिनांना उड्डाणानंतर लगेचच पक्ष्यांची धडक बसली व त्यांची शक्ती गेली. दोन्ही इंजिने निकामी झाल्यास करावयाच्या कृतींची तपासणी-सूची विमान खूप उंचावर असेल, हे गृहीत धरून तयार केलेली होती. वैमानिकांजवळ मात्र जेमतेम साडेतीन मिनिटे होती. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी सूचीत पुढे येणारी सहायक वीजयंत्रणा सुरू करण्याची कृती तत्काळ केली. त्यामुळे विमानाच्या नियंत्रणप्रणालीस वीजपुरवठा चालू राहिला. जवळच्या विमानतळापर्यंत पोहोचता येणार नाही हे ओळखून त्यांनी विमान हडसन नदीत उतरविले व विमानातील सर्व १५५ व्यक्ती बचावल्या. सूची पाठ असणे येथे पुरेसे ठरले नसते. तिच्यातील प्रत्येक कृतीमागचे कारण ठाऊक असल्यामुळेच क्रम बदलता आला.

भारतातील स्थिती

भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण तसेच विमान नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र व विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या बहुपर्यायी परीक्षा आवश्यक असतात. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण मिळवावे लागतात. याखेरीज दिवसा व रात्री उड्डाणाच्या प्रत्यक्ष परीक्षाही द्याव्या लागतात.

भारतातील संघटित उड्डाण प्रशिक्षणाशी मुंबईचा संबंध आरंभापासून आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. सध्या महाराष्ट्रात बारामती, धुळे व गोंदिया येथे उड्डाण प्रशिक्षणाची सोय आहे.

या परीक्षांसाठी प्रश्नसंचांची पुस्तके बाजारात मिळतात व विद्यार्थी त्यांचा आधार घेतात. सरावासाठी त्यांचा उपयोग आहे, परंतु पर्यायाचा क्रमांक लक्षात राहणे म्हणजे विषय येणे नव्हे. भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत भाषेचाही प्रश्न असतो. वैमानिकशास्त्राची पुस्तके व परिभाषा इंग्रजीत असल्याने पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे म्हणता येणे हे आकलन समजले जाण्याचा संभव अधिक असतो. तीच संकल्पना मातृभाषेत, सोप्या शब्दांत उलगडून सांगता येणे, ही आकलनाची साधी व विश्वासार्ह कसोटी ठरू शकते.

मर्यादा व टीका

चार पातळ्यांची विभागणी सोपी असल्याने लोकप्रिय आहे, मात्र तिच्याविषयी काही मुद्दे उपस्थित केले जातात. प्रत्यक्ष अध्ययन जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे क्रमाने होत नाही. एकच विद्यार्थी हवामानाच्या विषयात आकलनाच्या, तर विमान उतरविण्यात उपयोजनाच्या पातळीवर असू शकतो. काही वेळा कृती आधी जमते व तिचे कारण नंतर कळते.

पाठांतरास केवळ हीन मानणेही योग्य ठरत नाही. इंजिनास आग लागणे किंवा केबिनमधील हवेचा दाब एकाएकी जाणे अशा प्रसंगी पहिल्या काही कृती पाठच असाव्या लागतात. त्या वेळी पुस्तक उघडण्यास अवधी नसतो. रेडिओवरील ठरीव वाक्ये व वेगांच्या मर्यादा यांनाही हेच लागू होते. आक्षेप पाठांतरावर नसून पाठांतरापाशीच थांबण्यावर आहे.

कोलगन दुर्घटनेनंतर अमेरिकेत २०१० मध्ये कायदा होऊन २०१३ पासून प्रवासी विमान कंपन्यांतील सहवैमानिकांसाठीही सर्वसाधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. या अटीच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. समर्थकांच्या मते अनुभवास पर्याय नाही. टीकाकारांच्या मते तास ही संख्या आहे, पातळी नव्हे. त्याच परिसरात त्याच प्रकारे केलेले शेकडो तासांचे उड्डाण वैमानिकास उपयोजनाच्या पुढे नेईलच असे नाही. तास लॉगबुकात मोजता येतात, तर सहसंबंध परीक्षकास प्रश्न विचारून व सोबत उडूनच जोखावा लागतो. त्यामुळे परवान्याच्या व्यवस्थेत मोजता येणाऱ्या निकषांकडे झुकण्याची प्रवृत्ती राहते आणि न मोजता येणारी पातळी तपासण्याची जबाबदारी अखेरीस प्रशिक्षक व परीक्षक यांच्या विवेकावर येते.